आठ महिन्यांपूर्वीचा सीटी

“हे वाचणारा आंधळा होता!”

अभिरामनं माउस टेबलावर आपटला. रेडिओलॉजी शिकतोय, दुसरं वर्ष. आवाज ऐकून शेजारच्या खोलीतला टेक्निशियन डोकावून गेला.

त्याला शिकवणाऱ्या मोमीन मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला. “कोण?”

“असेल कुणीही. हा आजचा सीटी स्कॅन बघा. कोळेकरांच्या स्वादुपिंडात कॅन्सरची गाठ, यकृतातही पसरलाय. आणि हा आठ महिन्यांपूर्वीचा. इथं स्वादुपिंडातली नळी फुगलेली दिसतेय, गाठीची पहिली खूण. रिपोर्टात काय? ‘स्वादुपिंड सामान्य.’ तेव्हा ऑपरेशन झालं असतं, मॅडम!”

“कदाचित झालं असतं.”

“असल्या माणसाला स्क्रीनसमोर बसूच देऊ नये.”

मॅडमनी आजचा सीटी बंद केला. जुना तेवढा उरला.

“तेव्हा काय विचारलं होतं?”

“मूतखडा आहे का.”

“होता?”

“नव्हता.”

“म्हणजे विचारलं त्याचं उत्तर बरोबर दिलं त्यानं.”

“ही पळवाट झाली, मॅडम. पूर्ण पोट बघायला नको?”

“हवं. रिपोर्ट खाली सरकव. नाव वाच.”

त्यानं सरकवला.

डॉ. अभिराम सबनीस.

“मी... त्या दिवशी साठ-सत्तर सीटी होते...”

“त्याच्याखाली रिपोर्ट तपासणाऱ्याची सही आहे. तीही वाच.”

डॉ. सलमा मोमीन.

त्याला मान वर करवेना.

“तुम्हाला माहीत होतं?”

“सकाळपासून.”

मॅडम उठल्या. “चल. कोळेकर आणि त्यांची बायको बाहेर बसलेत.”

“मी काय सांगू त्यांना?”

“मघाशी ओरडलास ना, तेच. पण हळू बोल. उरलेलं मी सांगते.”

बाहेर बाकावर कोळेकर पोट धरून पुढं वाकून बसले होते. दोघा डॉक्टरांना पाहून बायको लगबगीनं उठली. हातातल्या पिशवीत जुना रिपोर्ट, नीट घडी घातलेला. तिनं त्यावरचं नाव पाहिलं, मग अभिरामच्या कोटावरचं. चेहरा एकदम उजळला.

“सबनीस डॉक्टर तुमीच न्हवं? मागच्या बारीला समदं चांगलं हाय म्हणून तुमीच लिवलं हुतं. म्हणून हे म्हणाले, लागंल तेवढं थांबू, पर ह्या टायमालाबी त्याच डॉक्टरांनी बघू दे.”