भित्र्याचा बांध

करंजखारच्या दक्षिणेला खाडी आणि भातशेती यांच्यामध्ये मातीचा एक लांब बांध आहे. त्याला भित्र्याचा बांध म्हणतात. नवखा माणूस नाव ऐकून हसतो. मग गावातले म्हातारे इनासआजा त्याला बांधावरच बसवतात आणि म्हणतात, "हसा, पण आधी ऐका."

फार वर्षांपूर्वी गावात बस्त्याव नावाचा शेतकरी होता म्हणे. त्याचा थोरला भाऊ याच खाडीत वाहून गेला. तेव्हापासून बस्त्यावने पाण्याची धास्तीच घेतली. चिंबोऱ्या-खेकडे धरायलासुद्धा तो खाडीत उतरत नसे. विहिरीवरच्या बायका चिडवत, "बस्त्याव, जपून हां, कळशीत बुडशील!" तोही हसे, आणि विहिरीपासून दोन पावलं मागे सरके.

एका श्रावणात, अमावास्येच्या दुपारी, उधाणाला वाऱ्याची जोड मिळाली आणि बांधाला दोन बैलगाड्या जातील एवढं भगदाड पडलं. आत ऐंशी घरांची शेतं होती. खारं पाणी शिरलं असतं तर तीन वर्षं भात उगवला नसता. लोक माती, दगड, पेंढा, हाताला लागेल ते टाकत होते आणि पाणी ते तिथल्या तिथे गिळत होतं. भरती अजून तासभर चढायची होती.

तेव्हा कैतान मुकादम हलक्या आवाजात म्हणाला, "बांध माणूस मागतोय. पूर्वी भगदाडात जिवंत माणूस देत असत."

 सगळ्यांच्या नजरा वेड्या रुजायकडे वळल्या. ती चर्चच्या पायरीवर राही. तिला मागेपुढे कुणी नव्हतं. ती टोपलीत माती भरत होती. सगळे आपल्याकडे बघताहेत हे पाहून ती हसली आणि तिने टोपली पुढे केली.

 ज्यांच्या शेजारी गुडघे टेकून बस्त्याव दर रविवारी प्रार्थना करत असे, तीच ही माणसं होती. त्यांचे चेहरे बघून त्याला पाण्याहून जास्त भीती वाटली. तरी तो बोलला.

"माणूस एकदाच दिलाय. क्रुसावर. तोही आपणहून गेला. आता आपण कुणाला ढकलायचं नाही."

"मग तू जातोस?" कैतान खेकसला.

असे सांगतात की बस्त्यावला उभंही राहवेना. तो उतारावर बसला आणि बसल्या बसल्याच खाली घसरला. पाणी कमरेला लागताच तो लहान मुलासारखा किंचाळला, "मी घाबरलोय! माझा हात धरा रे कुणीतरी!"

एखाद्या शूराने हाक मारली असती, तर लोक कदाचित बघत राहिले असते. पण त्या हाकेला पाठ दाखवणं कुणाला जमलं नाही. पहिला उतरला तो कैतानच. मागोमाग आणखी चौघे. सहा जण हातात हात गुंफून भगदाडात खाडीकडे तोंड करून उभे राहिले, आणि त्यांच्या पाठीशी गावाने माती लोटली. आता माती टिकू लागली. मधोमध बस्त्याव होता. तो रडत होता, प्रार्थना म्हणत होता, मध्येच खाडीला शिव्या घालत होता. एवढ्यात फुटक्या होडीचा एक वासा लाटेबरोबर आला आणि त्याच्या छातीवर आदळला. आवाज थांबला. हात सुटला नाही.

ओहोटी लागली तेव्हा बांध भरला होता. कैतानच्या हातातून बस्त्यावची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

बांधावर त्याच्या नावाचा क्रूस उभारायचा ठरला. पाद्रीबाबा म्हणाले, 'शूर बस्त्याव' असं कोरू. तेव्हा त्याची आई पुढे झाली.

"फादर, खोटं नका लिहू. माझा लेक भित्रा होता. प्रभूसुद्धा क्रुसाच्या आदल्या रात्री बागेत घाबरलाच ना? हा प्याला टळू दे म्हणाला ना? मग माझ्या लेकाची भीती का झाकता? ती घेऊनच तो उतरला."

 क्रुसावर नुसतं नाव कोरलं गेलं. बांधाला नाव मात्र लोकांनी दिलं, आईला विचारून.

आजही गुड फ्रायडेच्या दुपारी, भरतीच्या वेळी, गावकरी त्या जागी हातात हात घालून पाण्यात उभे राहतात. मधली जागा सर्वांत घाबरलेल्याची. ती मागावी लागते, सगळ्यांसमोर, मोठ्याने. मागणाऱ्याला कुणी हसत नाही, आणि कशाची भीती वाटते हेही विचारत नाही.

"आजा, तुम्ही कधी मागितलीत?" पाहुणे विचारतात.

"अकरा वेळा," इनासआजा सांगतात. मग काठीवर जोर देऊन सावकाश उठतात. "यंदाही मागणार आहे."