कानात घालायचं औषध

राजाची वाचा गेली! आणि गेली कधी, तर लेकीच्या लग्नात, भर पंगतीत! विहीणबाईंनी हट्ट धरला, "राणीसाहेबांचं नाव घ्या, मगच त्यांना लाडू भरवा!" राजा उठला, लाडू हातात धरला, तोंडाचा आ केला... आवाजच नाही!

झाली पळापळ. वैद्य म्हणाला, "घशात कफ दाटलाय." ज्योतिषी म्हणाला, "छे! शनी आडवा आलाय." मांत्रिक म्हणाला, "पिंपळावरचा मुंजा जिभेवर बसलाय!" वैद्यानं काढा पाजला. असला कडू, की राजाच्या तोंडून बारीकसं "शीः!" निसटलं. गलक्यात कुणाला ऐकू गेलं नाही. शेजारी वाढायला उभी होती गोंदा आचाऱ्याची बायको येसू, तिनं तेवढं ऐकलं.

तेवढ्यात प्रधान कडाडला, "लाडवातच काहीतरी घातलंय! त्या गोंदाला धरा, गाढवावर बसवा, राज्याबाहेर हाकला!"

राजा हात हलवून नको नको करू लागला. प्रधान ओरडला, "बघा, महाराजांना झटके यायला लागले!"

येसू परातीसकट पुढं झाली. "अहो, लाडू महाराजांच्या हातातच आहे अजून! न खाल्लेला लाडू बाधतो होय?"

"मोठी शहाणी! मग तूच महाराजांना बोलतं कर. नाही जमलं तर नवऱ्यामागं तूही गाढवावर!"

"करते की! पण माझं औषध कानात घालायचं असतं."

येसू वाकली, राजाच्या कानात काहीतरी कुजबुजली. राजाचा चेहरा असा खुलला म्हणता! छाती काढून गरजला,

"पंगतीत फुटला लाडू, बुंदी पळाली गडगडत,
मैनावतीचं नाव घेतो, थोडंसं अडखळत!"

मांडव दणाणला! राणी लाजून लाल!

वैद्य हिरमुसला. "पण बाई, रोग तरी कसला होता?"

"वैद्यबुवा, तुम्ही बघितला घसा. मी बघितलं, वाचा गेली तेव्हा महाराजांना काय बोलायचं होतं ते!"

राजा खो खो हसला. गोंदा सुटला, येसूला पैठणी नि सोन्याच्या पाटल्या मिळाल्या.

"पण गोंदा," राजा म्हणाला, "आता तू घे येसूचं नाव!"

गोंदानं आ केला... आवाजच नाही!

"महाराज," येसू म्हणाली, "ह्यांना गाढवावरच बसवा!"

राजा असा हसला, असा हसला, की हातातला लाडू फुटला आणि बुंदी पळाली पंगतभर गडगडत!