वर टाकलेला मुरमुरा

“माशाच्या मनातलं मी काठावरून ओळखतो!” मठाच्या ओसरीवर भस्मगिरीबुवा दाढी कुरवाळत म्हणाले. “म्हणजे, अजून एकदाही बरोबर आलेलं नाही.”

कुमुद हसली नाही. ती याच मठात वाढलेली, बुवांची शिष्या. आता शहरात माशांवर संशोधन करायची. तिने काचेची बरणी पुढे सरकवली. आत एक सोनेरी मासा.

“मग सांगा. वर मुरमुरा टाकला, तर हा कुठे जाईल?”

“मठातले सगळे जातात तिकडेच. खाण्याकडे!”

बुवांनी मुरमुरा टाकला. तो तरंगला.

मासा सुसाट खाली गेला. तळाच्या काचेवर तोंड आपटलं. वळला, आणि पुन्हा खालीच.

बुवांचं हसू दाढीतच अडकलं.

“ह्याला... काय केलंस?”

“डोळ्यांच्या नसा कापल्या. डोळे खोबणीत उलटे बसवले. माशाच्या नसा पुन्हा वाढतात, बुवा. मेंदूत जागोजागी रसायनांच्या खुणा असतात. एक म्हणते ‘ये’, दुसरी म्हणते ‘चालता हो’. त्या हुंगत एकेक तंतू आपल्या जुन्या जागी पोचला. एकही चुकला नाही.”

“मग?”

“डोळा उलटा, पण जोडणी जुनीच. म्हणूनच ह्याला वरचं खाली दिसतं.”

“शिकेल हळूहळू.”

“नाही शिकत. मी चिमट्याने भरवते.”

मठाने असलं काही पाहिलं नव्हतं...

पण गप्प बसलं की म्हाताऱ्याला अपचन व्हायचं. त्यांनी फाटकाकडे बोट केलं. तिथे विश्राम पेढ्यांचा पुडा धरून सकाळपासून उभा होता. कुमुदला मागणी घातली होती त्याने. त्याला ‘नाही’ सांगायचं म्हणून ती बुवांचा आशीर्वाद घ्यायला आली होती.

“इतका भला पोरगा, आणि तू त्याला हाकलतेस! पेढा समोर नि पळतेस उलटी. माशाहून अडाणी!”

“पेढा...” कुमुद म्हणाली. “मी परकरात होते. तुम्ही पेढ्यात मिरची भरून दिलीत. मी रडले, अख्खा मठ हसला. ‘गोड देणारा हात आधी झटकायचा, हा पहिला धडा,’ म्हणालात.”

“अगं... गंमत होती ती!”

मासा पुन्हा तळावर आपटला.

“ह्याचे डोळे मी फिरवले, बुवा. माझे?”