न पाहिलेला रुपया

एका वाडीत बिरू नावाचा मेंढपाळ होता. माणूस कष्टाळू, पण घाईचा. भल्यामोठ्या कळपातली आपली मेंढी तो लांबूनच ओळखायचा, त्यामुळे आपल्याला सगळंच न बघता कळतं असा त्याचा समज झाला होता.

वाडीची एक संस्था होती. तिच्यामार्फत मेंढरं विकली की पैसे रोख हातात मिळायचे. पण पुरुषमाणसं कितीतरी महिने मेंढरांमागे लांबच्या मुलखात असायची. म्हणून संस्थेने पैसे थेट बँकेच्या खात्यात पाठवायचं ठरवलं. सगळे आपापलं पासबुक घेऊन आले. बिरूने मात्र खात्याचा नंबर आठवेल तसा सांगितला.

"पासबुक घेऊन ये की. घर तर इथंच हाय तुझं," संस्थेच्या सचिव हिराबाई म्हणाल्या.

"माझं खातं मला ठावं न्हाई व्हय?" बिरू हसला.

हिराबाईंनी प्रत्येकाच्या खात्यात आधी एकच रुपया पाठवला. तो पोचला का ते बँकेत जाऊन बघा आणि मगच मला सांगा, असं त्यांनी बजावलं. बिरूची मेंढरं तर निघायला खोळंबली होती. एका रुपयासाठी रांगेत कोण उभं राहणार? "मिळाला, मिळाला!" असं वाटेतूनच ओरडून तो चालू लागला. घरी त्याची बायको गंगू गरोदर होती. तिच्या बाळंतपणासाठीच त्याने यंदा संस्थेमार्फत चांगल्या मेंढ्या विकल्या होत्या; त्यांचे पैसे आता खात्यात यायचे होते.

काही आठवड्यांनी दूरच्या माळावर त्याचा फोन वाजला. घरून आई बोलत होती.

"बिरू, गंगू अडलीया. डॉक्टर जिल्ह्याला न्या म्हणत्यात. तुझ्या खात्यात पैसंच न्हाईत रं! गाडीवाला दारातनं माघारी चाललाय."

बिरूने हिराबाईंना फोन लावला.

"पैसं कवाच पाठवलं. रुपया मिळाला म्हणून तूच सांगितलंस न्हवं?"

नंबरातला एक आकडा चुकला होता. पैसे कुण्या अनोळखी माणसाच्या खात्यात जाऊन पडले होते.

मेंढरं सोबत्यावर टाकून बिरू निघाला. मिळेल त्या गाडीत बसला, नाही मिळाली तिथे पळाला. फोनही बंद पडला. तिकडे काय झालं असेल ते कळायला मार्ग नव्हता. वाटेत कुणी नुसतं पाहिलं तरी त्याला वाटे, याला वाईट बातमी कळलेली दिसते. देवाचं नाव घ्यायचीही त्याला भीती वाटत होती. देवाने रुपयाचं विचारलं तर काय सांगणार?

दवाखान्यात पोचला तेव्हा गंगू जिवंत होती. आईने कानातलं सोनं काढून गाडीवाल्याच्या हातावर ठेवलं होतं. पण उशीर झाला होता. बाळ काचेच्या पेटीत होतं आणि डॉक्टर खात्रीने काहीच सांगत नव्हते.

"पैसं आलं व्हतं ना वो?" गंगूने विचारलं.

"म्या बघितलंच न्हवतं," बिरू म्हणाला, आणि तिच्या पायाशी बसून रडला.

बाळ वाचलं. अर्ज करून करून पैसेही बऱ्याच महिन्यांनी परत आले. आईच्या कानातलं मात्र गेलं ते गेलंच.

पुढच्या वर्षी संस्थेने बँक बदलली. हिराबाईंनी पुन्हा सगळ्यांना एकेक रुपया पाठवला आणि पोचला का म्हणून विचारलं. भराभर हात वर झाले. बिरू एकटा उठला.

"बघून सांगतो," तो म्हणाला, आणि लेकीला खांद्यावर घेऊन भर उन्हात बँकेकडे निघाला.

तात्पर्य: पैसे येऊ लागण्याआधी खातं आपलंच आहे ना, हे आपल्या डोळ्यांनी पाहावं; न पाहता दिलेल्या होकाराची किंमत घरच्यांना मोजावी लागते.