शिंप्याच्या माडीवरचा पाहुणा

फार जुन्या काळी, परगावी जायचं तर वाट विचारत विचारत जावं लागे, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ती ऐकावी, आणि मोठ्यांनी ऐकत नसल्यासारखं दाखवून का होईना, पण ऐकावी.

एका बाजाराच्या गावात एक शिंपी आणि त्याची बायको राहत. त्यांचं स्वतःचं घर नव्हतं. एका तेलिणीच्या घाण्यावरची माडी त्यांनी भाड्याने घेतली होती. माडी कसली, एकच खोली. एका कोपऱ्यात चूल, दुसऱ्या कोपऱ्यात कापडाचे गठ्ठे आणि मध्ये दोघांना पाय पसरता येतील एवढी जागा. तेलीण बोलायला रोखठोक होती. खोली देतानाच तिने बजावलं होतं, की माडी जुनी आहे, घरचं माणूस आलं-गेलं तर हरकत नाही, पण परक्या माणसाचा मुक्काम चालणार नाही.

थंडीच्या दिवसांत एकदा दुपारी एक माणूस जिना चढून वर आला. त्याच्या खांद्यावर गाठोडं आणि हातात गुळाची ढेप होती.

"मामांनी नमस्कार सांगितलाय," तो म्हणाला आणि दारात उभा राहून हसला.

शिंप्याला वाटलं, हा बायकोच्या मामांकडून आला. बायकोला वाटलं, हा नवऱ्याच्या मामांकडून आला. दोघांनाही मामा होते, आणि दोघांनाही आपापल्या मामांना भेटून बरीच वर्षं झाली होती. कोणते मामा, असं विचारावं तर समोरच्याच्या माहेरच्या किंवा घरच्या माणसाला ओळख दाखवली नाही असं होईल. म्हणून दोघांनीही विचारलं नाही. गूळपाणी झालं, जेवण झालं, पाहुणा चटईवर झोपला.

सकाळी त्याने गाठोडं उचललं. शिंपी म्हणाला, "एवढ्यात कुठं निघालात? राहा की चार दिवस." त्याची बायको चुलीपाशी होती, तीही म्हणाली की असं कसं जाऊ देऊ. कोणीही म्हणतं तसं ते म्हणाले. पाहुण्याने एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि गाठोडं खाली ठेवलं.

चार दिवस उलटले, आणखी कितीतरी उलटले. पाहुणा काही जाईना.

शिंप्याच्या बायकोला दिवस गेले होते आणि ती आता अवघडली होती. तिची आई नव्हती. बाळंतपणाला थोरली बहीण येणार होती. तिला टेकायला तरी जागा हवी, आणि त्या जागेवर पाहुण्याची चटई होती. नवरा-बायकोने बसून बोलावं, तर एकाच खोलीत तिघं. बोलणार कधी आणि कुठे? शिंपी मनात म्हणे, हिचं माणूस आहे, हिनेच सांगावं. ती मनात म्हणे, यांचं माणूस आहे, मी बोलले तर यांना लागेल. दोघंही एकमेकांची वाट पाहत राहिले, आणि समोरचा गप्प का, हे दोघांनाही कळेना.

शेवटी तिने वरण पातळ केलं. आता तरी हा समजेल, असं तिला वाटलं. पाहुण्याने ताटाकडे पाहिलं आणि तो मुकाट्याने जेवला. दुसऱ्या दिवशी तो नदीकाठी गेला आणि उपरणंभर पालेभाजी खुडून घेऊन आला. तिच्यापुढे ठेवून म्हणाला, "वहिनी, दिवस कोणाचेही ओढाताणीचे येतात."

शिंप्याने वेगळी युक्ती केली. सुईत दोरा ओवता ओवता तो रस्त्यांची स्तुती करू लागला. रस्ते कसे कोरडे झालेत, प्रवासाला कसे छान दिवस आहेत. पाहुण्याने बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, "दादा, तुम्हाला कुठं जायचं असेल तर खुशाल जाऊन या. वहिनींकडे बघायला मी आहे."

शिंप्याच्या हातातली सुई तशीच राहिली.

मग नवरा-बायकोत खटके उडू लागले. ती भांडी आपटायची, तो जेवता जेवता उठायचा. कशावरून भांडतोय, ते दोघांनाही धड सांगता येत नव्हतं. पाहुणा बिचारा मध्ये पडून समजूत घालायचा. आणि त्याने समजूत घातली, की दोघांनाही जास्तच राग यायचा.

त्यातच एका गाडीवानाबरोबर थोरल्या बहिणीचा निरोप आला. कधी येऊ, असं तिने विचारलं होतं. पाहुणा शेजारीच बसलेला. त्याच्यासमोर जागा नाही असं कसं म्हणावं? शिंपी अडखळला आणि म्हणाला, "सांग त्यांना, एवढी घाई नाही म्हणावं."

गाडीवान गेला. शिंप्याच्या बायकोने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि ती दिवसभर कोणाशी बोलली नाही. तिकडे बहिणीने निरोप ऐकला. आपण नकोशा झालो, असं तिला वाटलं, आणि बांधलेलं बोचकं तिने सोडून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तेलीण धापा टाकत जिना चढून वर आली.

"हा माणूस कोण?" तिने शिंप्याला विचारलं.

"हिच्या मामांकडचे," शिंपी म्हणाला.

"अहो, तुमच्या मामांकडचे ना?" त्याची बायको म्हणाली.

दोघं एकमेकांकडे बघतच राहिले. तेलीण पाहुण्याकडे वळली. तेव्हा कळलं, की तो शिंप्याच्या बायकोच्या मामांचा शेजारी. जातीने माळी. मामांनी भाचीसाठी गूळ दिला होता, तो पोचवून दुसऱ्या सकाळी तो परत निघणार होता.

"मग जात का नाहीस?" तेलिणीने विचारलं.

पाहुणा गोंधळला. "हे दोघं सोडतील तेव्हा जाईन ना," तो म्हणाला.

शिंपी जमिनीकडे बघू लागला. मग त्याची बायको भिंतीला धरून हळूच उठली.

"भाऊ, तुम्ही भले आहात," ती म्हणाली. "पण इथं जागा नाही. मला माझी बहीण हवी आहे. तुम्ही आज जावं, असं मला वाटतं."

आता पाहुणा रागावेल, मामांना जाऊन सांगेल, असं तिला वाटलं. पण पाहुण्याने मोठा श्वास सोडला.

"वहिनी, पहिल्याच सकाळी हे म्हणाला असतात तर किती बरं झालं असतं," तो म्हणाला. "माझी कांद्याची रोपं लावणीवाचून वाफ्यात तशीच आहेत. मला वाटायचं, तुम्ही एवढ्या आग्रहाने ठेवून घेताय, तर उठून जाणं बरं दिसणार नाही. मग घरात अडचण दिसली, भांडणं दिसली. अशा वेळी तुम्हाला टाकून कसं जायचं?"

त्याने दोघांना नमस्कार केला आणि गाठोडं घेऊन तो निघाला. जिना उतरताना तो जवळजवळ पळतच होता.

शिंप्याने त्याच दिवशी बहिणीकडे माणूस धाडला आणि खरं काय ते सगळं कळवलं. बहीण ऐकल्याबरोबर निघाली. पण त्याआधीच इकडे कळा सुरू झाल्या. ज्या वेळी आपल्या माणसाचा हात धरायचा, त्या वेळी शिंप्याच्या बायकोने तेलिणीचा हात धरला. मुलगी झाली, दोघी सुखरूप राहिल्या. पण बहीण माडीवर आली तेव्हा बाळाला न्हाऊमाखू घालून झालं होतं. बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, आणि ते रडणं काही नुसतं आनंदाचं नव्हतं.

माळी घरी पोचला तेव्हा रोपं वाफ्यातच जून होऊन गेली होती. त्या साली त्याच्या मळ्यात कांदा झाला नाही. कोणी विचारलं, की तो म्हणे, "मला राहायचं नव्हतं, त्यांना ठेवायचं नव्हतं. तरी मी राहिलो, आणि त्यांनी ठेवलं."

म्हणून मुलांनो, आणि मोठ्यांनो, एवढं ध्यानात ठेवा: मनातला नकार गोड शब्दांत लपवला, की भल्या माणसांच्या हातूनही एकमेकांचं नुकसान होतं.