कोटाच्या खांद्यातला कापूस

फार फार वर्षांपूर्वी, ज्याचं नावही आता कोणाच्या ओठांवर उरलेलं नाही अशा एका डोंगराळ राज्यात, नामाजी नावाचा शिंपी राहत होता. लहानांनी ही गोष्ट ऐकावी आणि मोठ्यांनी जरा जास्तच लक्ष देऊन ऐकावी. कारण हिच्यात जे वाईट घडलं, ते एका भल्या माणसाच्या हातून घडलं.

नामाजीच्या तरुणपणी त्या राज्यातले सगळे पुरुष बाराबंदी घालत. बाराबंदीला गुंड्या नसतात, बंद असतात. माणूस अंगानं भरला की बंद सैल बांधायचे, रोडावला की आवळायचे. कपडा अंगाच्या कलानं राहायचा.

मग समुद्रापलीकडून आलेल्या व्यापाऱ्यांच्या अंगावर नव्या तऱ्हेचे कोट दिसू लागले. गुडघ्यापर्यंत लांब, कमरेत घट्ट, छातीवर ताठ, गळ्याशी उभी कडक पट्टी. आत खळ लावलेलं जाड कापड, त्याच्यावर घोड्याच्या केसांचा थर, आणि खांद्यांत पिंजलेला कापूस. असा कोट खुंटीला टांगला तरी आत कोणी उभं आहे असं वाटायचं.

राजा तरुण होता. त्याला त्या कोटानं वेड लावलं. त्यानं एक कोट विकत घेऊन नामाजीकडे पाठवला. नामाजीनं तो टाका टाका उसवला, प्रत्येक तुकडा जमिनीवर मांडला, आणि दोन महिने त्याच्यापुढे बसून ती विद्या शिकला. त्यानं शिवलेला पहिला कोट घालून राजा दरबारात आला, तेव्हा बोलणारे बोलायचे थांबले. वर्ष उलटायच्या आत सरदार, कारकून, सावकार सगळे कोटात दिसू लागले. कमरेचा घेर किती आवळावा, मागची चीर किती उंच असावी, यावर चावडीत वाद होऊ लागले.

राजासाठी दर महिन्याला नवा कोट असे. महिन्याच्या पंचमीला नामाजी महालात जाई आणि स्वतः माप घेई.

आषाढाच्या पंचमीला राजाची छाती दोन बोटं कमी भरली. दोरी सरकली असेल म्हणून नामाजीनं पुन्हा माप घेतलं. तेच आलं. श्रावणात आणखी दोन बोटं गेली. शिंप्याच्या हाताला कपड्याखालचं सगळं कळतं. त्या हाताला बरगड्या लागल्या.

"महाराज, वैद्यबुवांना एकदा दाखवावं," नामाजी हळूच म्हणाला.

राजानं दालनाचं दार लावून घेतलं. "दसऱ्याला घाटापलीकडचा राजा तहासाठी येतोय. माझ्या वडिलांशी तो तीन वेळा लढला. मी खंगलोय असं त्याला दिसलं, तर तह करेल की स्वारी? वैद्याला कळलं की महालाला कळणार, आणि महालाला कळलं की घाटापलीकडे कळणार. दसरा होऊ दे, नामाजी. तोवर तुझ्या कोटात जे बसेल ते बसव. आणि हे तुझ्यामाझ्यात राहू दे."

नामाजीनं मान डोलावली. राजाची त्याला दया आली, हे खरं. पण घरी येऊन तो कापड बेतायला बसला, तेव्हा दयेबरोबर आणखीही काही त्याच्या मनात जागं झालं. रिकाम्या छातीवर भरलेली छाती उभी करायची, आणि तीही अशी की श्वास घेतल्यावर हलली पाहिजे. असं काम त्याच्या आजवरच्या आयुष्यात त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

त्यानं ते केलं. भाद्रपदातला कोट श्रावणातल्यापेक्षा सुरेख झाला, आणि आश्विनातला त्याहून सुरेख. राजाच्या गालांची हाडं वर आली तेव्हा राजानं दाढी राखली. दरबाराला तीही नवी तऱ्हा वाटली, आणि आठ दिवसांत अर्ध्या दरबारानं दाढ्या राखल्या. पोशाख चढवणाऱ्या सेवकांना राजानं रजा दिली. आता कोट चढवायला आणि उतरवायला फक्त नामाजी येत असे.

नामाजीची बायको घरी कापूस पिंजून देई. एकदा तिनं पिंजणं थांबवून विचारलं, "पूर्वी मूठभर लागायचा. आता टोपलीभर लागतो. हा सगळा जातो कुठं?"

नामाजीनं तिला सांगून टाकलं.

तिनं हातातला कापूस टोपलीत टाकला. मग म्हणाली, "आपल्या पोराला ताप आला असता तर तुम्ही त्याला जाड अंगरखा घातला असता का?"

"राजाचा शब्द आहे. दसऱ्यापर्यंतच."

दसरा आला. घाटापलीकडचा राजा आला, दोघांनी एकमेकांना आपट्याची पानं दिली, तहावर शिक्के उमटले. सगळ्या नगरात राजाच्या रुंद खांद्यांचं कौतुक झालं. नामाजीला भर दरबारात शेला मिळाला.

दुसऱ्या दिवशी नामाजी म्हणाला, "महाराज, दसरा झाला."

"तह अजून ओला आहे," राजा म्हणाला. "संक्रांत होऊ दे."

नामाजीनं पुढच्या कोटाचं माप घेतलं. शेला घरी खुंटीवर होता, आणि गावातले तरुण दाराशी रांग लावून "महाराजांसारखे खांदे करून द्या" म्हणत होते.

राजाची आई वेगळ्या महालात राहत असे. मुलगा तिला सणावारी दिसे, तोही चार हातांवरून. दिवाळीच्या पाडव्याला तिनं त्याला ओवाळलं, आणि संध्याकाळी नामाजीला बोलावून घेतलं.

"नामाजी, ओवाळताना त्याचा हात माझ्या हाताला लागला. फार हलका वाटला. सगळे म्हणतात, महाराज पूर्वीपेक्षा धिप्पाड दिसतात. डोळ्यांना मलाही तसंच दिसतं. पण मी आई आहे. माप तू घेतोस. तू सांग, तो बरा आहे ना?"

नामाजीच्या तोंडाशी खरं आलं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण त्या वाक्याबरोबर राजाचा विश्वास जाणार होता, शेला जाणार होता, आणि गेल्या चार महिन्यांचं आपलं मौनही उघडं पडणार होतं.

"मापं पूर्वीचीच आहेत, आईसाहेब," तो म्हणाला.

आईच्या चेहऱ्यावरची काळजी उतरली. तिनं त्याच्या बायकोसाठी फराळाचं ताट दिलं. ते घेऊन नामाजी घरी आला, आणि त्यातलं काही न चाखता त्यानं ते बायकोपुढे ठेवलं.

संक्रांतही तशीच गेली. माघात, भर दुपारी, दरबार चालू असताना राजा सिंहासनावरून उठला आणि दोन पावलं चालून कोसळला. वैद्यबुवा धावत आले. त्यांनी गळ्याची पट्टी सोडली, गुंड्या काढल्या, कोट दोन्ही बाजूंना उघडला, आणि त्यांचे हात थबकले. एवढ्या मोठ्या कोटात एवढासा माणूस होता. कोट मात्र उघडल्यावरही तसाच फुगून उभा राहिला होता.

वैद्यबुवांनी नाडी पाहिली, नखं पाहिली. मग ते कोणाकडेच न बघता म्हणाले, "हा रोग आषाढातला आहे. कार्तिक संपेपर्यंत जरी कळलं असतं, तरी माझ्याकडे औषध होतं."

राजा आणखी अकरा दिवस जगला. आई त्याच्या उशाशी बसून होती.

घाटापलीकडचा राजा सांत्वनाला आला. सैन्य नाही, डंका नाही, चार माणसं घेऊन आला. म्हणाला, "त्यांच्या वडिलांशी मी लढलो, पण मुलगा शब्दाचा पक्का आहे असं ऐकलं होतं, म्हणून तह केला. आजारी आहेत हे कळलं असतं तर माझे वैद्य पाठवले असते." आणि त्यानं तह शेवटपर्यंत पाळला.

तेरावा झाल्यावर नामाजी आपणहून आईसाहेबांपुढे गेला. हात जोडून खाली बघत उभा राहिला.

"पाडव्याला त्याची छाती किती होती?" तिनं विचारलं.

"आषाढाच्या आधीपेक्षा नऊ बोटं कमी, आईसाहेब." मग तो म्हणाला, "मला शिक्षा द्या."

"त्याच्या भोवती तोंडदेखलं बोलणारे पुष्कळ होते," ती म्हणाली. "त्यांना मी विचारलंच नव्हतं. तू तसा नव्हतास, नामाजी, म्हणून तुला विचारलं."

तिनं त्याला शिक्षा दिली नाही. नामाजी घरी आला तो वाकूनच. पुढे जन्मभर लोकांनी त्याला ताठ चालताना पाहिलं नाही.

कोट शिवणं त्यानं सोडलं नाही. हातात दुसरी कला नव्हती. पण माप घेताना ते कमी भरलं तर तो तोंडावर सांगे, "दादा, कापड नंतर बघू. आधी वैद्यांकडे जाऊन या." कित्येक गिऱ्हाइकं रागावून दुसऱ्या शिंप्याकडे गेली. काही वैद्यांकडे गेली. त्यातली दोन-तीन माणसं म्हातारी होईपर्यंत जगली, आणि रस्त्यात भेटली की नामाजीला रामराम करत. तो रामराम घेई, पण त्यांच्या डोळ्यांकडे बघत नसे.

म्हणून लक्षात ठेवा: माणसाचं उणं झाकणारा हात त्याला गोड वाटतो, पण वेळेवर ते दाखवणारा हातच त्याला वाचवतो.