निळ्या पडद्याची साक्ष

एकदा एक वृद्ध यंत्रवैद्य आपल्या शिष्याला संगणकदुरुस्ती शिकवीत होता. त्याला सारा बाजार आप्पा म्हणे. शिष्याचे नाव मुकुंद. विद्या त्याच्या अंगी बऱ्यापैकी आली होती आणि आत्मविश्वास तिच्याही थोडा पुढे गेला होता. त्या वयात हे असेच व्हायचे.

त्याच गावात लग्नपत्रिका छापणारा एक व्यापारी होता, त्याला सारे शेठ म्हणत. ऐन लग्नसराईत त्याच्या छापखान्यातला संगणक रुसला. सुरू केला की क्षणभर आशा दाखवी, मग पडदा निळा होई, त्यावर काही मजकूर उमटे आणि यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. मुकुंद तपासायला गेला. पडद्याने सांगितले, चित्र दाखवणारा भाग बिघडला आहे. मुकुंदाने तो बदलला. मग पडद्याने सांगितले, डिस्क वाचता येत नाही. मुकुंदाने डिस्क बदलली. मग दोष आतल्या प्रणालीवर आला, तीही त्याने नव्याने भरली. यंत्र दर वेळी नवा अपराधी पुढे करी आणि मुकुंद निमूटपणे त्याला शिक्षा देई. सुटे भाग संपले, तेव्हा माणसांची पाळी आली.

"वीज एकदम तोडली तर असं होऊ शकतं," मुकुंद म्हणाला. त्याने कुणाचे नाव घेतले नव्हते, पण शेठना तेवढे पुरले.

"म्हणजे शैलाबाई! संध्याकाळी निघताना भिंतीवरचं बटण थेट बंद करतात. या डोळ्यांनी पाहिलंय मी."

शैलाबाई तिथे पत्रिकांचा मजकूर जुळवायचे काम करीत. घर त्यांच्याच पगारावर चाले. "शेठ, मी आधी मशीन बंद करते, मगच बटण," त्या म्हणाल्या. शेठनी ऐकून घेतले आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितले.

मुकुंदाला हे कुठेतरी टोचले. त्याने आप्पांना बोलावून घेतले. अर्थात, आपल्या निदानावर गुरूंचा शिक्का बसावा ही इच्छाही त्यात होतीच.

आप्पा आले तेव्हा शैलाबाई आपली पिशवी भरत होत्या. शेठनी कैफियत मांडली, "जेवणाच्या सुट्टीत या बाई धाडकन बटण बंद करायच्या. मी पाहिलंय ना!"

"मी आधी मशीन बंद करते, मगच बटण," शैलाबाई म्हणाल्या.

आप्पांनी दोघांचेही ऐकले. मुकुंद निळा मजकूर दाखवू लागला, तर त्यांनी पडद्याचे तोंडच भिंतीकडे फिरवले. मग त्यांनी मुकुंदाला जुनी डिस्क परत बसवायला लावली, रॅमच्या चारही पट्ट्या काढून टेबलावर मांडल्या आणि रिकाम्या यंत्राचे बटण दाबले. रॅम म्हणजे यंत्राची चालू आठवण. तिच्यावाचून यंत्र जागे होत नाही, हे शिष्याला पहिल्याच दिवशी शिकवतात. यंत्र पीं पीं करून कोकलू लागले.

"आप्पा, रॅम काढलीय तुम्ही," मुकुंद हळूच म्हणाला. म्हातारपण कुठल्या दाराने आत शिरते ते सांगता येत नाही, असे त्याच्या मनात आले.

"ठाऊक आहे, पंडित. ऐक तरी. आज पहिल्यांदा खरं बोलतंय यंत्र."

मग आप्पांनी एकच पट्टी पहिल्या खाचेत बसवली, पडदा सरळ केला आणि पेनड्राइव्हवरून तपासणी लावली. ती संपायची वाट पाहत चहा झाला. पट्टी निर्दोष. ती काढून दुसरी बसवली. तीही निर्दोष.

"बाकीच्या दोन राहू द्या," मुकुंद म्हणाला. "त्या नव्या आहेत. दिवाळीत मीच बसवल्या, तपासून."

"कशा तपासल्यास?"

"जुन्यांच्या टोकांना खोडरबर घासून लख्ख केलं. नव्यांना गरजच नव्हती, चकाकत होत्या. मशीन सुरू झालं की लगेच!"

"म्हणजे चकाकी तपासलीस."

नव्यांतली एक निर्दोष निघाली आणि मुकुंदाचा जीव भांड्यात पडला. दुसरी बसवली मात्र, पडदा चुका दाखवणाऱ्या तांबड्या ओळींनी भरून गेला. आप्पांनी तीच पट्टी दुसऱ्या खाचेत घालून पाहिली. पुन्हा तांबड्या ओळी. मुकुंदाचा जीव भांड्यातून बाहेर आला.

"निळ्या पडद्यावर लिहितं कोण?" आप्पा म्हणाले. "यंत्रच ना? आणि लिहिताना आठवतं कशातून? याच पट्ट्यांतून. ज्याची आठवण किडली त्यालाच तू विचारत बसलास, दोष कुणाचा म्हणून. अरे, आठवण मुळीच नसली तर यंत्र ओरडून तसं सांगतं. त्याची भीती नाही. चुकीचं आठवणारा मात्र स्वच्छ अक्षरांत, ठामपणे बोलतो. फक्त दर वेळी वेगळं बोलतो. कारण बदलायला लागलं की कारणामागे धावू नये, सांगणाऱ्याची आठवण तपासावी. तीही एकेकाला वेगळं बसवून. चौघांत बसलं की कुणीही शहाणं दिसतं."

शेठना हे फारसे रुचले नाही. "ते असेल हो. पण मूळ कारण बाईच. सकाळी मी दुकान उघडताना पाहिलं, यांनी बटण..."

मुकुंद ऐकत होता. संध्याकाळ, जेवणाची सुट्टी आणि आता सकाळ. शैलाबाईंचे वाक्य मात्र एकच होते, त्यातला एक शब्दही हलला नव्हता. त्याने टेबलावरची ती चकाकती पट्टी उचलली. दिवाळीत आपण ती तपासली होती, असे त्यालाही आतापर्यंत अगदी स्पष्ट आठवत होते.

"शेठ, ही खराब पट्टी मी बसवली, न तपासता," तो म्हणाला. "बाईंचा यात काही दोष नाही. आणि बटणाचं तुम्ही नक्की केव्हा पाहिलं?"

शेठनी बोटांवर सकाळ, दुपार, संध्याकाळ मोजून पाहिली.

"तसं... नीट आठवत नाही," ते शेवटी म्हणाले.

आप्पांनी चहाचा कप खाली ठेवला. "हे आजचं दुसरं खरं."

मुकुंदाने तीन चांगल्या पट्ट्या जागेवर बसवून यंत्र सुरू केले. पडदा निळा झाला नाही. तो उठला आणि त्याने खुर्ची शैलाबाईंकडे सरकवली. शेठ वाटेतून बाजूला झाले. बाईंनी पिशवीत भरलेले चष्म्याचे घर बाहेर काढले, चष्मा पुसला आणि नवरीच्या आईच्या नावापाशी अडलेली पत्रिका पुढे जुळवायला घेतली.